फ्लॅश फ्लडचा इशारा नेमका देतं कोण? जागतिक केंद्रापासून नदीकाठच्या भोंग्यापर्यंत

ओलीमाती | सकाळी ९:१०

२९ ऑक्टोबर २०२४ ला स्पेनच्या वालेन्सिया भागात जो फ्लॅश फ्लड (पावसानंतर काही तासांतच अचानक चढणारा पूर) आला, त्यातल्या दोन वेळा माझ्या डोक्यातून जात नाहीत. तिथल्या राष्ट्रीय हवामान संस्थेने, एमेटने, सकाळी ७:३६ ला लाल इशारा दिला होता. लोकांच्या मोबाइलवर सरकारी संदेश वाजला तो रात्री ८:११ ला. मधे साडेबारा तास गेले आणि मृतांचा आकडा सव्वादोनशेच्या पुढे पोचला. म्हणजे अंदाज नव्हता असं म्हणता येत नाही. अंदाज होता, चांगला होता, आणि तरीही माणसं तळमजल्यावर आणि वाहनतळात गाड्या काढायला गेली, कारण पाइपोर्तासारख्या गावांत पाऊस जवळजवळ नव्हताच. पाऊस वर, डोंगराकडे पडत होता. तुरीस इथे एका तासात १८४.६ मिमी आणि दिवसभरात ७७० मिमीच्या वर. एरवी कोरड्या असणाऱ्या पोयो ओढ्यातून ते सगळं खाली आलं.

तेव्हापासून मी जमेल तसं वाचतेय आणि एक गोष्ट पक्की झाली आहे. ‘पूर येणार हे आधी का कळलं नाही?’ हा प्रश्न आपण एकाच संस्थेला विचारतो, पण उत्तर तीन-चार थरांत विभागलेलं असतं. प्रत्येक थराला वेगळी गोष्ट दिसते आणि वेगळ्या वेळी दिसते.

सगळ्यात वर जागतिक आणि खंडाच्या पातळीवरची केंद्रं. त्यांना तीन ते पाच दिवस आधी ‘या पट्ट्यात टोकाचा पाऊस होण्याची शक्यता बरीच आहे’ इतकं दिसतं. त्याखाली राष्ट्रीय हवामान आणि जलविज्ञान संस्था. त्यांच्याकडे बारीक जाळीची मॉडेल्स (नकाशाचे लहान चौकोन पाडून प्रत्येकाचं हवामान काढणारी), रडार, मातीतल्या ओलाव्याचा हिशोब. त्या एक-दोन दिवस ते काही तास आधी जिल्हा किंवा पाणलोट सांगू शकतात. मग प्रादेशिक कार्यालय, जिथे माणूस रडारसमोर बसून तासा-दोन तासांचा इशारा काढतो. आणि सगळ्यात खाली नगरपालिका, ग्रामपंचायत, अग्निशमन दल, छावणीचा व्यवस्थापक. त्यांच्या हातात कधी वीस मिनिटं असतात, कधी तीही नसतात.

माझं म्हणणं असं की आपण सगळा पैसा आणि लक्ष वरच्या थरांवर घालतो. खालच्या थराला काय दिसतं आणि त्याने कशावरून हलायचं, हे आधी ठरवलेलंच नसतं. इथे या विषयात काम करणारे काहीजण आहेत हे माहीत आहे. कृपया लिहा.

वाऱ्याचीदिशा | सकाळी ९:५२

उत्तम धागा. एक बाळबोध प्रश्न विचारतो. हवामान खातं पाच दिवसांचा अंदाज देतं, आता मॉडेल एवढी बारीक झालीत. मग ‘अमुक ओढ्याला उद्या संध्याकाळी पूर येईल’ एवढं सांगायला अडचण काय आहे?

पाणलोट | सकाळी १०:३०

बाळबोध नाही, हाच मूळ प्रश्न आहे.

मोठ्या नदीचा पूर आणि फ्लॅश फ्लड यांत वेळेचा फरक आहे. मोठ्या नदीवर वरच्या मापन केंद्राची पातळी बघून खालच्या शहराला एक-दोन दिवस आधी सांगता येतं, कारण पाणी पात्रातून प्रवास करत असतं. फ्लॅश फ्लडमध्ये पाऊस पडल्यापासून साधारण सहा तासांच्या आत पाणी चढतं, डोंगराळ छोट्या ओढ्यांत तर तासाभरात. ‘पाणी वर दिसलं की खाली कळवू’ म्हणायला वेळच उरत नाही. म्हणून अंदाज पाण्याचा नाही तर पावसाचा करावा लागतो, आणि तोही नेमक्या त्या ओढ्याच्या पाणलोटावर.

आता मॉडेलकडे बघा. वादळी ढगांची हालचाल थेट सोडवणारी मॉडेल्स साधारण एक ते तीन किमी जाळीची असतात. ती खूप सुधारली आहेत. पण ढगांचा तो पुंजका प्रत्यक्षात २० किमी इकडे की तिकडे उभा राहणार हे ती आदल्या दिवशी खात्रीने सांगू शकत नाहीत. जिल्ह्यासाठी २० किमीची चूक म्हणजे उत्तम अंदाज. ओढ्याचं पाणलोट ८० चौरस किमी असेल तर तीच चूक म्हणजे पाऊस शेजारच्या खोऱ्यात पडला. त्यामुळे एकाच मॉडेलऐवजी थोड्या बदललेल्या सुरुवातींनी पन्नासेक वेळा मॉडेल चालवतात आणि त्यातल्या किती वेळा पाऊस मर्यादेबाहेर जातो ते बघतात. वरच्या थरांकडून टक्केवारीच्या भाषेत माहिती येते ती यामुळे.

वाऱ्याचीदिशा | सकाळी १०:४१

आणि पाऊस किती झाला तर पूर येईल हे कसं ठरतं? सरसकट १०० मिमी वगैरे?

पाणलोट | सकाळी ११:२५

नाही, आणि इथे एक सुंदर कल्पना आहे. जरा सविस्तर लिहिते.

नेहमीचं जलविज्ञान मॉडेल पाऊस घेतं आणि प्रवाह सांगतं. फ्लॅश फ्लड मार्गदर्शक मूल्य काढताना गणित उलटं चालवतात. आधी ठरवायचं की या ओढ्याचं पात्र काठोकाठ भरायला किती प्रवाह लागेल. मग विचारायचं: आज माती जितकी ओली आहे ती धरता, पुढच्या १, ३ किंवा ६ तासांत किती पाऊस पडला तर तो प्रवाह येईल? आलेला आकडा म्हणजे त्या दिवशीचा, त्या पाणलोटाचा उंबरठा.

समजा ८० चौरस किमीचं पाणलोट आहे. एक चौरस किमीवर १ मिमी पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. तीन तासांत ५० मिमी पडला तर ४० लाख घनमीटर. माती कोरडी असेल आणि त्यातला बराचसा मुरला तर ओढा फुगेल पण काठ सोडणार नाही. आठवडाभर पाऊस होऊन माती तुडुंब असेल आणि निम्मं पाणी वाहून आलं तर २० लाख घनमीटर. ते तीन तासांत बाहेर पडायचं म्हटलं तर सरासरी १८५ घनमीटर प्रति सेकंद, आणि शिखर त्याहून बरंच वर. पाऊस तोच, पूर वेगळा. कोरड्या आठवड्यात त्या ओढ्याचा तीन तासांचा उंबरठा समजा ७० मिमी असेल तर ओल्या आठवड्यात तो ३० वर येऊ शकतो. (हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या खऱ्या ओढ्याचे नाहीत.)

मग अंदाजकाराचं काम सोपं होतं. पडलेला किंवा पडणारा पाऊस वजा उंबरठा. उत्तर शून्याच्या वर गेलं की धोका. सॅन दिएगोच्या हायड्रोलॉजिक रिसर्च सेंटरने ही पद्धत अनेक देशांना वापरता येईल अशा यंत्रणेत बसवली. २००४ मध्ये मध्य अमेरिकेत ती चालू झाली आणि पुढे जागतिक हवामान संघटनेच्या छत्राखाली कितीतरी देशांत पसरली. दक्षिण आशियाची यंत्रणा २३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाली. भारतीय हवामान विभाग तिचं प्रादेशिक केंद्र आहे. बांगलादेश, भूतान, नेपाळ आणि श्रीलंका यांनाही तिथून मार्गदर्शन जातं. त्यात ‘धोका’ सहा तासांचा आणि ‘जोखीम’ चोवीस तासांची, असे दोन वेगळे अंदाज आहेत.

लक्षात घ्या, हे मार्गदर्शन लोकांसाठी नसून राष्ट्रीय संस्थांच्या अंदाजकारांसाठी आहे. त्यांनी ते बघायचं, आपली स्थानिक माहिती घालायची आणि मग इशारा द्यायचा की नाही ते ठरवायचं.

रडारघर | दुपारी १२:०५

पाणलोट यांनी ‘पडलेला पाऊस’ हा शब्द सहज वापरला, पण खरी मारामारी तिथेच आहे. पडलेला पाऊस नेमका किती, हे कळायला तीन साधनं: पर्जन्यमापक, रडार, उपग्रह.

पर्जन्यमापक खरं सांगतो पण फक्त त्याच्या तोंडापुरतं. वादळी पावसात दोन मापकांच्या मधे १०० मिमी पडून जाऊ शकतो आणि दोन्हींत काही दिसत नाही.

रडार सगळा प्रदेश बघतं, पण किरण सरळ जातो आणि पृथ्वी वळते. अर्ध्या अंशाने वर केलेला किरण १०० किमीवर जमिनीपासून सुमारे दीड किमी वर असतो आणि २०० किमीवर चार किमीच्याही वर. त्याखाली काय चाललंय ते रडारला दिसत नाही. मधे डोंगर आला तर पलीकडे काहीच नाही. डोंगराला धडकून वर चढणारी दमट हवा जो पाऊस पाडते, त्यातले थेंब बरेचदा खालच्या दीड-दोन किमीतच मोठे होतात. म्हणजे जिथे फ्लॅश फ्लड सर्वाधिक, तिथेच रडार कमी मोजतं.

उपग्रहाला ढगाचा माथा दिसतो. माथा थंड म्हणजे पाऊस जास्त असा अंदाज बांधतात. ढगाच्या आतला पाऊस टिपणारा मायक्रोवेव्ह उपग्रह असेल तर बरं, पण तो काही तासांनी एकदा डोक्यावरून जातो. नासाच्या आयमर्गची (उपग्रहांवरून काढलेला पावसाचा नकाशा) सर्वांत लवकर मिळणारी आवृत्ती सुमारे चार तासांनी येते. दोन तासांत भरणाऱ्या ओढ्याला तिचा थेट उपयोग नाही. माती किती भिजली आहे हे सांभाळायला मात्र ती मोलाची आहे, विशेषतः जिथे रडार नाही तिथे.

अमेरिकेत शेकडो रडारं, मापकं, मॉडेल्स एकत्र करून एमआरएमएस नावाची यंत्रणा १ किमी जाळीवर दर दोन मिनिटांनी पावसाचा नकाशा देते. त्याच्यावर फ्लॅश नावाची मॉडेल-यंत्रणा दर दहा मिनिटांनी प्रवाह काढते. इतकं हाताशी असेल तर अंदाजकार उंबरठा ओलांडायच्या आधी इशारा काढू शकतो. बहुतेक देशांकडे यातलं अर्धंही नाही.

रडारघर | दुपारी १२:२०

एक राहिलं. पुढच्या तासाभराचा पाऊस सांगायला रडारवरचा ढग आहे त्या दिशेने पुढे सरकवतात. एक-दोन तासांपर्यंत हे मॉडेलपेक्षा चांगलं चालतं. पण सर्वांत घातक वादळं सरकत नाहीत. जुना ढग पुढे जातो आणि त्याच जागी मागून नवा तयार होतो, तासन्‌तास. ढग पुढे सरकवणारी पद्धत दर वेळी ‘आता थांबेल’ म्हणत राहते. म्हणून दक्षिण आशियासारख्या यंत्रणांत ‘हाच पाऊस असाच चालू राहिला तर’ अशी एक वेगळी गणना मुद्दाम ठेवलेली असते. मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते. जपानने तर अशा एका जागी उभ्या राहणाऱ्या पावसाच्या पट्ट्यांसाठी २०२१ पासून वेगळी सूचना सुरू केली आणि २०२२ पासून ती अर्धा दिवस आधी देण्याचा प्रयत्न करतात.

सायलीची_वेल | दुपारी १:१५

वाचतेय, शिकतेय. पण मला एक खटकतंय. युरोपची ती एफास नावाची पूर-अंदाज यंत्रणा २०२१ च्या जर्मनीतल्या पुराआधी चार-पाच दिवस ऱ्हाइनच्या खोऱ्यासाठी सूचना देत होती असं वाचलं. आर नदीच्या दरीत १३० हून अधिक माणसं गेली. जर खंडाच्या पातळीवरच्या केंद्राला चार दिवस आधी कळत असेल तर त्याने थेट लोकांनाच का सांगू नये? मधल्या कार्यालयांत माहिती अडकते, हे वालेन्सियातही दिसलं. मोबाइल आहे, उपग्रह आहे. थेट सांगा की.

ओलीमाती | दुपारी १:४०

हा मोह मलाही होतो, पण मी याच्या विरोधात आहे.

एफास २००२ च्या एल्ब आणि डॅन्यूबच्या महापुरांनंतर उभी राहिली, २०१२ पासून पूर्ण कार्यरत आहे. तिचे ताजे अंदाज मुद्दाम फक्त राष्ट्रीय आणि प्रादेशिक संस्थांना मिळतात, सर्वांसाठी ते महिन्याभराने खुले होतात. कारण असं की इशारा देण्याचा अधिकार आणि जबाबदारी राष्ट्रीय संस्थेची. दोन संस्था दोन वेगळी वाक्यं बोलल्या तर माणूस त्यातलं आपल्याला सोयीचं उचलतो. ‘ते तर पिवळाच म्हणतायत’ एवढं पुरतं घरात थांबायला.

आणि चार दिवस आधीची ती सूचना काय म्हणत होती? ऱ्हाइनच्या खोऱ्यात मोठ्या पुराची शक्यता. खोरं अनेक देशांत पसरलेलं. त्यावरून आरच्या काठावरच्या कुटुंबाने नेमकं काय करायचं? चार दिवस आधी करायची कामं संस्थांची आहेत: रजा रद्द करणं, पंप आणि बोटी जवळ आणणं, रात्रपाळीला माणूस बसवणं, छावण्या आणि वृद्धाश्रमांची यादी काढणं.

आरमध्ये साखळी तुटली ती खाली. जिल्ह्याने नदीच्या दोन्ही बाजूंची ५० मीटरची पट्टी रिकामी करायला सांगितलं ते रात्री अकरा वाजून गेल्यावर. तोवर वरच्या गावांत पाणी घरांत शिरून कितीतरी वेळ झाला होता. आणि ५० मीटर! पाणी त्याच्या कितीतरी पलीकडे गेलं.

सायलीची_वेल | दुपारी २:०२

ठीक, अधिकाराचा मुद्दा समजला. पण मग मधला थर झोपला तर पर्याय काय? ‘एकच आवाज’ हे तत्त्व तो आवाज वेळेवर निघाला तरच उपयोगाचं. मला तरी असं वाटतं की ठरावीक वेळेत वरच्या सूचनेला खालून उत्तर आलं नाही तर काहीतरी आपोआप घडलं पाहिजे.

ओलीमाती | दुपारी २:१०

यावर मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत.

पाणलोट | दुपारी ३:३५

आपोआप घडण्याचं एक चालू उदाहरण फ्रान्समध्ये आहे. तिथे मोठ्या नद्यांसाठी विजिक्रू ही माणसांनी चालवलेली सेवा आहे. पण हजारो लहान ओढ्यांवर मापकच नाहीत, आणि तितके अंदाजकार बसवणं कोणालाच शक्य नाही. म्हणून २०१७ पासून ‘विजिक्रू फ्लॅश’ आहे. रडारचा पाऊस घेऊन मॉडेल दर १५ मिनिटांनी चालतं आणि एखाद्या ओढ्याचा प्रवाह मर्यादेबाहेर जाणार असं दिसलं की तिथल्या महापौराला थेट फोन, संदेश आणि ईमेल जातो. मधे कोणी माणूस नाही. दोनच पातळ्या: मोठ्या पुराची शक्यता, फार मोठ्या पुराची शक्यता.

मला यात सर्वांत आवडतं ते हे की संदेश नागरिकाला न जाता, ज्याच्याकडे गावाचा आराखडा आहे त्या माणसाला जातो. यंत्र घाई करतं, निर्णय माणूस घेतो. चुकीचे इशारे येतात, येणारच. पण चुकीचा इशारा महापौराने नाल्याच्या पुलावर एक माणूस पाठवून तपासता येतो. तोच लाखभर लोकांच्या उशाशी पहाटे तीनला वाजला तर पुढच्या वेळी लोक फोनवरचे इशारे बंद करून झोपतात.

निळाकाठ | दुपारी ४:२०

मी आपत्ती व्यवस्थापनात स्वयंसेवक म्हणून काम करतो, म्हणून खालच्या थराबद्दल लिहितो. शास्त्रज्ञ मंडळी माफ करतील, पण आमच्यासाठी ‘शक्यता ६० टक्के’ या वाक्याचा उपयोग शून्य आहे, जोवर त्याच्या शेजारी ‘म्हणजे तू काय करायचं’ लिहिलेलं नाही.

टेक्सासचं उदाहरण घ्या. ३ जुलै २०२५ च्या दुपारी १:१८ ला राष्ट्रीय हवामान सेवेने पुराची ‘वॉच’ दिली, म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, लक्ष ठेवा. ४ जुलैच्या पहाटे १:१४ ला फ्लॅश फ्लडची ‘वॉर्निंग’, म्हणजे पूर येतोय किंवा आलाय, हला. ४:०३ ला सर्वोच्च पातळीची ‘इमर्जन्सी’. ग्वादालूप नदी हंट गावाजवळ पाऊण तासात जवळपास ८ मीटर चढली. १३० हून अधिक बळी, त्यात नदीकाठच्या शिबिरातल्या लहान मुली.

तिन्ही इशारे आपापल्या वेळी निघाले. पण पहाटे सव्वा एकला फोन कोणाच्या हातात होता? दरीत सिग्नल किती होता? शिबिरात फोन जवळ ठेवायची परवानगी होती का? इशारा ‘दिला’ आणि इशारा ‘पोचला’ यातलं अंतर कोणाच्या खात्यात जमा होतं? त्याच नदीवर खालच्या बाजूला कम्फर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलाने आधीच भोंग्याची यंत्रणा वाढवली होती. भोंगा वाजला, लोक निघाले, गावात कोणी दगावलं नाही. ते खाली असल्यामुळे वेळ जास्त मिळाला, हे खरं. पण वेळ मिळूनही भोंगा नसता तर?

रडारघर | दुपारी ४:४८

निळाकाठ, भोंग्याबद्दल एकशे एक टक्के. फक्त एक जोड देतो. अमेरिकेत १ ऑक्टोबर २००७ पासून वॉर्निंग जिल्ह्यासाठी न देता नकाशावर आखलेल्या बहुभुजासाठी देतात. आणि २०२० पासून प्रत्येक फ्लॅश फ्लड वॉर्निंगला मोबाइल वाजत नाही. नुकसान ‘लक्षणीय’ किंवा ‘विध्वंसक’ असेल असं अंदाजकाराने नोंदवलं तरच वाजतो. हा बदल नेमका पाणलोट म्हणाल्या त्या कारणाने झाला: फार वाजत होता.

सायलीची_वेल | संध्याकाळी ५:३०

मोबाइलच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट बरेचजण गल्लत करतात. एसएमएस प्रत्येक नंबरला वेगळा जातो, त्यामुळे लाखो लोकांना पाठवताना रांग लागते आणि काहींना तासाने मिळतो. सेल ब्रॉडकास्ट वेगळं. टॉवर एकदाच प्रसारित करतो आणि त्याच्या कक्षेतले सगळे फोन एकदम वाजतात, नंबर माहीत असण्याचीही गरज नाही. परदेशी पर्यटकाचाही वाजतो. जर्मनीत २०२१ मध्ये ही सोय नव्हती. त्या पुरानंतर आणली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली.

आणि हे सगळे इशारे एकाच साच्यात लिहायचे, म्हणजे टीव्ही, रेडिओ, फोन, भोंगा सगळीकडे तेच जाईल, यासाठी कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल आहे. पण साचा मजकूर चांगला करत नाही. ‘मुसळधार पावसाची शक्यता, काळजी घ्या’ हा साच्यात बसलेला, वेळेवर पोचलेला, निरुपयोगी इशारा आहे. काळजी घ्या म्हणजे काय करा? वर जा? घरात थांबा? गाडी काढू नका? वालेन्सियात तळघरातली गाडी वाचवायला उतरलेल्या माणसांना ‘खाली उतरू नका’ हे तीन शब्द हवे होते.

वाऱ्याचीदिशा | संध्याकाळी ५:५५

गाडीबद्दल सांगतो, हे सर्वांना माहीत हवं. अमेरिकी हवामान सेवेचे आकडे: वेगाने वाहणारं १५ सेंमी पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, ३० सेंमी बहुतेक लहान गाड्या वाहून नेऊ शकतं, ६० सेंमीत मोठी वाहनंही जातात. रात्री रस्त्यावरचं पाणी १५ आहे की ६० हे दिसत नाही, आणि खालचा रस्ता जागेवर आहे की खचलाय हेही.

निळाकाठ | संध्याकाळी ६:४०

आता खालच्या थराने काय करायचं यावर. जिथे पैसा कमी आहे तिथेही जमण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

वरच्या बाजूला दोन-तीन आपोआप पाठवणारे पर्जन्यमापक आणि पुलावर एक पातळी मोजणारं यंत्र. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘अलर्ट’ नावाने अशी रेडिओवर चालणारी स्थानिक यंत्रणा उभी राहिली आणि अनेक काउंट्यांनी (जिल्ह्यांनी) उचलली. हिमालयाच्या पायथ्याशी आसाम आणि नेपाळच्या काही नद्यांवर इसिमोड या हिमालयी भागात काम करणाऱ्या संस्थेने याहून साधी पद्धत राबवली: वरच्या गावात पाणी ठरावीक खुणेला लागलं की यंत्राची घंटी वाजते, सांभाळणारा माणूस खालच्या गावांतल्या ठरलेल्या माणसांना फोन करतो. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-कृती पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. यात मॉडेल नाही, रडार नाही. आहे ती एक खूण, एक माणूस आणि एक यादी.

पण यादी पुरत नाही. आधी ठरलेलं हवं. पिवळी खूण: शाळा, शिबिर, नदीपात्रातली कामं बंद. लाल खूण: काठ सोडून चढावर, कोणाला विचारायचं नाही. ‘कोणाला विचारायचं नाही’ हे लिहून, वरिष्ठांची सही घेऊन ठेवलेलं हवं, नाहीतर रात्री दोन वाजता ड्युटीवरचा कनिष्ठ माणूस साहेबांचा फोन लागेपर्यंत भोंग्याचं बटण दाबत नाही. मी हे बघितलं आहे. तो माणूस घाबरट नव्हता, त्याला अधिकारच दिला नव्हता.

१९७६ मध्ये कोलोराडोच्या बिग थॉम्पसन घळीत चार-पाच तासांत सुमारे ३०० मिमी पाऊस झाला आणि १४० हून अधिक लोक गेले. कितीतरी जण गाडीने घळीतून खाली पळत होते, म्हणजे पाण्याच्याच वाटेने. त्यानंतर घळीतल्या रस्त्यांवर पाट्या लागल्या: पूर आल्यास वर चढा. गाडी सोडा आणि कड्यावर चढा. हाही इशाराच आहे, आणि तो वीज गेली तरी चालतो.

तांबडफुटी | संध्याकाळी ७:२५

चर्चा छान चालली आहे, पण एक बाजू येत नाहीये. खोटे इशारे. तुम्ही प्रत्येक वेळी शिबिर रिकामं करायला लावाल, बाजार बंद करायला लावाल, तर लोकांचं पोट त्यावर आहे. दहा वेळा पळवलं आणि आठ वेळा काही झालं नाही, तर अकराव्या वेळी कोण पळेल? खालच्या माणसाला अधिकार द्या म्हणता, मग चुकीसाठी जबाबदारही तोच होणार ना?

पाणलोट | रात्री ८:१०

रास्त मुद्दा. म्हणूनच थर हवेत. बाजार दोन दिवस आधीच्या अंदाजावर बंद करायचा नसतो. त्यावर फक्त माणसं तयार ठेवायची. जसजशी वेळ कमी होते आणि खात्री वाढते, तसतशी महाग कामं करायची. शेवटचं, सर्वांत महाग काम, म्हणजे लोकांना हलवणं, हे मोजलेल्या पावसावर किंवा मोजलेल्या पातळीवर. तिथे खोट्या इशाऱ्याचं प्रमाण आपोआप घटतं. आणि हलवणं म्हणजे नेहमी गाव सोडणं नव्हे. फ्लॅश फ्लडमध्ये बरेचदा दुसऱ्या मजल्यावर किंवा १०-१५ मीटर उंच चढावर जाणं पुरतं. तासाभराचं काम आहे. त्याची किंमत बाजार बंद करण्याइतकी नाही.

उंबरठाही अडून बसलेला नको. जपानमध्ये मोठा भूकंप झाला की त्या भागातले पाऊस-इशाऱ्यांचे निकष तात्पुरते खाली आणतात, कारण उतार आणि बांध सैल झालेले असतात. वणवा लागून गेलेल्या उतारावरही तसंच, जळालेली माती पाणी मुरू देत नाही आणि एरवी किरकोळ वाटणारा पाऊस चिखलाचा लोंढा आणतो. जपानची हवामान संस्था सुमारे २०,००० नद्यांसाठी, अगदी लहानांसाठीही, वरून येणाऱ्या पाण्याचा निर्देशांक काढून दर दहा मिनिटांनी रंगीत नकाशावर टाकते आणि तो सर्वांना खुला आहे. तिथे नागरिकाला आपला ओढा पिवळ्याचा लाल होताना दिसतो. सायली, तुम्हाला हवं ते थेट सांगणं आहे, फक्त ते राष्ट्रीय संस्था करते आणि ओढ्याच्या पातळीवर करते.

तांबडफुटी | रात्री ८:३०

महाग काम शेवटी, खात्री आल्यावर. हे पटलं. जबाबदारीचं उत्तर मात्र मिळालं नाही.

निळाकाठ | रात्री ८:४४

त्याचं उत्तर सहीत आहे. निकष लिहून ठेवले आणि ड्युटीवरच्या माणसाने त्या निकषानुसार भोंगा वाजवला, तर पूर येवो न येवो, तो बरोबर. निकष चुकला असेल तर समिती बसून निकष बदलेल. माणसावर ठपका नाही. हे जिथे लेखी आहे तिथे भोंगा वेळेवर वाजतो.

ओलीमाती | रात्री ९:२०

सर्वांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. एक शेवटचा तांत्रिक प्रश्न. वालेन्सियात पोयो ओढ्यावरच्या मापकाने संध्याकाळी सातच्या आधी २,००० घनमीटर प्रति सेकंदाच्या वरचा आकडा दिला आणि मग ते यंत्रच वाहून गेलं. आर नदीवर आल्टेनारचं मापन केंद्रही त्या संध्याकाळी बंद पडलं. हंटजवळचं केंद्रही पूर चढताना गप्प झालं. म्हणजे सगळ्यात गरज असते नेमकं तेव्हाच मापक जातो. यावर संस्था काय करतात?

रडारघर | रात्री ९:५०

पाण्यात बुडवलेल्या दाब-मापकाऐवजी पुलाच्या खाली लटकवलेलं, पाण्याला न शिवणारं रडार-मापक लावतात. पूल टिकला तर ते टिकतं. संदेश एकाच मोबाइल टॉवरवर न ठेवता उपग्रह किंवा रेडिओची दुसरी वाट ठेवतात.

पाणलोट | रात्री १०:१५

आणि याहून स्वस्त उपाय संगणकाच्या आज्ञावलीत आहे. कितीतरी यंत्रणांत मापकाकडून माहिती आली नाही तर पडद्यावर रिकामी जागा किंवा शेवटचा आकडा दिसत राहतो, आणि घाईत असलेला माणूस त्याला ‘पातळी स्थिर’ समजतो. नियम असा हवा: वर उंबरठ्याएवढा पाऊस पडतोय, पातळी चढत होती, आणि सलग दोन वेळा, म्हणजे दहा मिनिटांचं मापन असेल तर वीस मिनिटं, काही आलं नाही, तर ते लाल समजून ड्युटीवरच्या माणसाचा फोन वाजवायचा. आणि दुसरा मापक वेगळ्या पुलावर, शक्य तितका वर. खालचा गेला तरी वरचा शेवटचे आकडे देऊन गेलेला असतो आणि त्यावरून खालच्या गावाला तास-दीड तासाचा अवधी मिळू शकतो.

निळाकाठ | रात्री १०:२२

हा वीस मिनिटांचा नियम मी उद्याच आमच्या समन्वयकांना पाठवतो. आमच्या पडद्यावर मापक बंद पडला की करडा ठिपका येतो आणि त्याला कोणताही गजर जोडलेला नाही.